केपीटीएलच्या वहीतली नेक्सॉन ईव्ही

एसटीत ड्रायव्हरची पत केपीटीएलवर ठरते. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा. महिना संपला की डेपोत यादी लागायची, आणि आपलं नाव वर आहे का खाली, हे मी चहाच्या आधी बघायचो. पन्नासच्या वर आकडा म्हणजे त्या महिन्यात पाय हलका पडला. एकतीस वर्षं ही सवय. म्हणून 2024 च्या दसऱ्याला टाटाची नेक्सॉन ईव्ही, म्हणजे बॅटरीवर चालणारी कार, अंबाजोगाईला आमच्या दारात आली, तेव्हा पहिल्या दिवसापासून वही घातली. निघताना बॅटरीचे टक्के किती, पोचल्यावर किती, किलोमीटर, एसी चालू का बंद, माणसं किती. आज वहीत 29 हजार किलोमीटर आहेत. पुढं जे लिहितोय ते त्या वहीवरून.

पैसा कुठून आला तेही सांगतो, कारण गावात प्रत्येकानं विचारलं. केजकडच्या आमच्या रानाची एक पट्टी रस्त्यात गेली, तिचा मावेजा आला. धाकटा भाऊ म्हणाला, डिझेल जीप घे, भाड्यानं लाव. पुण्याचा मुलगा म्हणाला, "दादा, आता बॅटरीचीच घ्या, उरलेले मी घालतो." मला दोन दिवस झोप नव्हती. जमिनीचा पैसा आहे तो, एकदाच येतो.

शेवटी मन ठरलं ते एका जुन्या आठवणीमुळं. एसटीची चिकलठाण्याला मध्यवर्ती कार्यशाळा आहे. नवी गाडी आणायला मी तिथं दोनदा गेलोय. कंपनीकडून नुसती चासी येते. इंजिन, स्टिअरिंग, ड्रायव्हरपुरती बैठक आणि मागं उघड्या लोखंडी पट्ट्या. तिच्यावर आपली माणसं पत्रा, खिडक्या, बाकं चढवतात आणि लालपरी उभी राहते. चासी भरवशाची असली की वरची बॉडी बदलली तरी ड्रायव्हरला भीती नसते. टाटानं नेक्सॉनच्या बाबतीत याच्या उलटं केलं. बॉडी तीच ठेवली आणि खालचं बदललं. 2017 पासून पेट्रोल-डिझेलची नेक्सॉन रस्त्यावर होती. दारं, काचा, सस्पेन्शन, सगळं लोकांनी वापरून बघितलेलं. त्याच सांगाड्यात 2020 च्या जानेवारीत त्यांनी 30.2 युनिटची बॅटरी आणि मोटर बसवली. सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, 312 किलोमीटर. 2022 ला बॅटरी 40.5 युनिटची झाली, 2024 च्या सप्टेंबरात 45 ची. आमची ती 45 वाली.

याला काही लोक तडजोड म्हणतात. लेक संभाजीनगरला सिडकोत राहते आणि जावईबापू वाळूजला कंपनीत आहेत, त्यांचं मत हेच. बॅटरीची गाडी पहिल्यापासून बॅटरीची म्हणूनच बनवायला पाहिजे, त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, हे मला नंतर पंच ईव्ही चालवून कळलं. 2024 च्या जानेवारीत आलेली पंच ईव्ही ही टाटाची पहिली गाडी, जिचा तळ फक्त बॅटरीसाठी आखला. अ‍ॅक्टी डॉट ईव्ही म्हणतात त्या तळाला. जावईबापूंच्या मित्राची पंच मी सिडकोपासून शेंद्र्यापर्यंत चालवली. पायाखाली सपाट, मागं मधल्या माणसाच्या पायात उंचवटा नाही, बॉनेटखाली 14 लिटरचा छोटा कप्पा. लहान गाडीत जागा कुठून आली ते लगेच कळतं. पुढं कर्व्ह आणि 2025 च्या जूनमधली हॅरियर ईव्ही त्याच वाटेनं आल्या.

पण मला वाटतं, क्रम बरोबर होता. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली, आणि 74 वर्षांनी एसटीची पहिली विजेची बस, ई-शिवाई, निघाली तीही पुणे-नगरलाच. नवी गाडी आधी ओळखीच्या रस्त्यावर सोडायची. टाटानं नवी मोटर आधी ओळखीच्या गाडीत सोडली. गिऱ्हाईकाला एकाच वेळी सगळं नवं पचवायला लावलं नाही. आमच्या सौ. गाडीत पहिल्यांदा बसल्या आणि म्हणाल्या, "ही तर वकिलीणबाईंसारखीच आहे." वकिलीणबाईंची डिझेल नेक्सॉन. त्या एका वाक्यानं त्यांची भीती गेली.

टाटाच्याच घराण्यातल्या जग्वारनं दुसरी वाट धरली. 2021 ला जाहीर केलं की जग्वार ही फक्त विजेच्या गाड्यांची कंपनी होणार, आणि जुन्या गाड्या एकेक करून बंद केल्या. व्होल्वोनंही त्याच वर्षी 2030 पर्यंत सगळं विजेवर नेण्याचं सांगितलं आणि 2024 च्या सप्टेंबरात ते उद्दिष्ट मागं घेतलं. नेक्सॉन मात्र आज पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि बॅटरी अशा चारही प्रकारांत मिळते. ज्याच्या गावात जे पुरतं ते त्यानं घ्यावं. किल्लारीच्या माणसाला आणि कोथरूडच्या माणसाला एकच तारीख लावून चालत नाही, हे कुणाला तरी उमगलंय असं मला वाटतं.

पैशाची बाजूही टाटानं वेगळी बांधली. 2021 च्या ऑक्टोबरात टीपीजी राइज क्लायमेट या गुंतवणूकदारानं अबू धाबीच्या एडीक्यूसोबत 7,500 कोटी रुपये घालायचं ठरवलं, आणि ते फक्त विजेच्या गाड्यांसाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीत. 2023 च्या जानेवारीत फोर्डचा साणंदचा कारखाना 725.7 कोटींना ताब्यात घेतला. बॅटरीचे पॅक सुरुवातीपासून टाटा ऑटोकॉम्पचे, चार्जर टाटा पॉवरचे. घरातलीच भावंडं कामाला लावली. ज्या टाटाच्या बसवर माझी उमर गेली ती ट्रक-बसची कंपनी 2025 च्या ऑक्टोबरात कारच्या कंपनीपासून वेगळी निघाली. बातमी वाचली तेव्हा घरात वाटणी झाल्यासारखं वाटलं मला.

किमतीचा एकच आकडा सांगतो, त्यात सगळं येतं. 2020 ला 30 युनिटच्या बॅटरीची नेक्सॉन ईव्ही 13.99 लाखांपासून सुरू होत होती. 2024 च्या सप्टेंबरात 45 युनिटची सुरू झाली तीही 13.99 लाखांपासूनच. शोरूमची किंमत तीच, बॅटरी दीडपट. बॅटरीचे सेल स्वस्त झाले तसा फायदा गाडीत घातला. वर आपल्याकडं मोटार वाहन कर माफ आणि जीएसटी 5 टक्के. 2025 च्या सप्टेंबरात लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, त्यामुळं दोन्हींतलं अंतर पुन्हा थोडं वाढलंय. एमजीची विंडसर आणि महिंद्राच्या नव्या गाड्याही आल्या आहेत. एके काळी विजेच्या दहा कारमागं सात टाटाच्या असायच्या, तो वाटा आता निम्म्याच्याही खाली आलाय. गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं हे चांगलंच.

आता रस्त्यावरचं.

कंपनी 489 किलोमीटर सांगते. हा आकडा एमआयडीसी नावाच्या ठरावीक चाचणीतला. या एमआयडीसीचा वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीशी संबंध नाही, गाड्या मोजण्याची ती सरकारमान्य पद्धत आहे. रस्त्यावर तेवढी रेंज कुठल्याच कंपनीच्या गाडीची मिळत नसते, आणि तेवढी धरून कुणी घरातून निघू नये. माझ्या वहीत साठ-पासष्टच्या वेगानं, एसी लावून, एका युनिटला 7.3 किलोमीटर पडतात. म्हणजे पूर्ण बॅटरीत सव्वातीनशे. मे महिन्यात चार माणसं आणि सामान असेल तर तीनशे. समृद्धीवर जालन्यापासून शंभरच्या वेगानं गेलो तेव्हा युनिटला 5.6 पडले, म्हणजे अडीचशे. वेग वाढला की टक्के असे उतरतात, की डिझेलच्या काट्यात हे कधी दिसलं नव्हतं. ज्याचा पाय जड त्यानं अडीचशेच धरावी, ज्याचा हलका त्यानं तीनशे. अंबाजोगाई ते संभाजीनगर केज, मांजरसुंबा, बीड, गेवराईवरून सव्वादोनशेच्या आसपास पडतं. न थांबता पोचतो आणि तीस-पस्तीस टक्के उरतात.

या प्रवासातला मला सगळ्यात आवडणारा तुकडा म्हणजे मांजरसुंब्याचा घाट. मांजरसुंबा सोडलं की रस्ता पालीकडं उतरतो आणि खाली बीड दिसायला लागतं. या घाटात मी हजारो वेळा बस उतरवली असेल. नियम एकच, ज्या गिअरवर चढायची त्याच गिअरवर उतरायची. इंजिन गाडीला धरतं, ब्रेक गार राहतात. बॅटरीच्या गाडीला गिअर नाही, मग घाटात हिला धरणार कोण, ही माझी पहिली शंका होती. स्टिअरिंगच्या मागं दोन पाती आहेत. एक ओढत गेलं की शून्य, एक, दोन, तीन अशी गाडीची पकड वाढते. तीनवर ठेवून पाय उचलला की ती इंजिनावर उतरल्यासारखी उतरते, आणि तेवढ्यात मोटरच जनरेटर होऊन बॅटरीत वीज भरते. पहिल्या खेपेला मांजरसुंब्याला 71 टक्के होते. पालीच्या पुढं सपाटीला लागलो तेव्हाही 71. आख्खा घाट उतरलो आणि एक टक्का जागचा हलला नाही. ब्रेकला पाय दोनदा लागला असेल. घाटात डिझेल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रलला सोडणारी पोरं मी बघितली आहेत, आणि त्यातल्या दोघांच्या घरी सांत्वनाला गेलोय. गाडी धरून ठेवायची आणि वरून इंधनही मिळवायचं, हे ज्यानं आखलं त्याला माझा हात जोडून नमस्कार.

इथं एक सावधगिरी, आणि ती सगळ्याच बॅटरी गाड्यांना लागू आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असली की वीज ठेवायला जागा नसते, म्हणून ही पकड ढिली पडते. आम्हाला अंबाजोगाईहून परळीला जायचं म्हणजे निघालं की उतारच. म्हणून वैजनाथाच्या दर्शनाला जाताना मी नव्वदवरच पिन काढतो. विकणारा हे सांगत नाही, चालवणाऱ्यानं चालवणाऱ्याला सांगावं लागतं.

घरी चार्जिंगची खरी अडचण निघाली ती विजेची नव्हती, आर्थिंगची. पंधरा अँपिअरच्या पिनेवर केबल लावली, गाडीनं वीज घेतलीच नाही. वायरमन आला, टेस्टर लावून म्हणाला, करंट तर आहे. होता, पण आर्थिंग नव्हतं. तीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा आर्थिंगची तार कुणीतरी नळाला गुंडाळून मोकळं झालेलं. त्या तारेवर आमचं फ्रिज, कूलर, मिक्सर सगळं चालू होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. मग वसरीच्या कडेला खड्डा घेतला, आर्थिंगची प्लेट पुरली, मीठ-कोळसा घातला, वर पाणी सोडायला पाइप ठेवला. उन्हाळ्यात आठवड्याला एक घागर पाणी. तेव्हापासून रात्री लावली की सकाळी तयार. अगदी रिकामी असेल तर पंधरा तासांच्या वर लागतात, पण रिकामी करतोय कोण. मराठवाड्यातल्या जुन्या घरांनी गाडी बुक करायच्या आधी आर्थिंग तपासून घ्यावं. गाडी नसेल घ्यायची तरी तपासावं, घरात लेकरं असतात.

नंतर गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघरचं 78 हजारांचं अनुदान मिळालं. ऊन तर आपल्याकडं फुकट आणि वर्षभर. दिवसाला बारा युनिटच्या आसपास येतात, त्यात घर भागून गाडीही बरीचशी भागते. बाहेरच्या जलद चार्जरवर मात्र युनिटला वीस रुपयांच्या पुढं मोजावे लागतात, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. वकिलीणबाईंच्या डिझेल गाडीला पावणेपाच पडतात. ज्याला घरी पिन नाही आणि कायम बाहेरच चार्ज करायचंय, त्यानं हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

आणि आता चार्जरचं, कारण दीड वर्षातला एकच वाईट दिवस त्यानं दाखवला.

2025 चा मे महिना. संभाजीनगरला लेकीकडं मुक्काम. रात्री अवकाळी पाऊस, वादळ, लाइट गेली ती पहाटे आली. सकाळी गाडीत 58 टक्के. म्हटलं हरकत नाही, गेवराईच्या अलीकडं हॉटेलच्या आवारात जलद चार्जर आहे, मोबाइलमध्ये हिरवा दिसतोय. तिथं पोचलो तर पडदा काळा. पोऱ्या म्हणाला, तीन दिवस झाले बंद आहे. पाटीवरच्या नंबरला फोन लावला, पलीकडून हिंदीत तक्रार क्रमांक मिळाला. बीडचा चार्जर बघितला, तो "उपलब्ध नाही". गाडीत तीस टक्के, म्हणजे साडेतेरा युनिट. घर सव्वाशे किलोमीटर, मध्ये बीडनंतरची चढण. साडेसतरा युनिट तरी लागणार. सौ. शेजारी, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले, बाहेर बेचाळीस डिग्री.

गेवराईत स्टँडजवळ एक चहावाला आहे. माझ्या ड्युटीच्या काळापासूनचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, फ्रिजची पिन काढतो, लावा." त्याच्या दुकानाचं आर्थिंग ठणठणीत निघालं, गाडीनं लगेच घेतलं. तीन तास बसलो. सौ.ना त्यानं आतली बाज दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला, घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागवली. नऊ युनिट भरले. पैसे घेईना, शेवटी त्याच्या नातवाच्या हातात ठेवले. एसी बंद, पन्नासचा वेग, घाट सावकाश चढून संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा 11 टक्के होते.

गाडीनं दगा दिला नाही. प्रत्येक टक्का तिनं खरा दाखवला, आणि खरा काटा असला की ड्रायव्हर वाट काढतो. पण बंद पडलेला चार्जर मोबाइलमध्ये तीन दिवस हिरवा दिसतो, हे मला सहन होत नाही. एसटीत ब्रेकडाऊन झालं की जवळच्या डेपोची गाडी निघते, कारण रस्त्यावर माणसं उभी असतात. चार्जरपाशीही माणसंच उभी असतात. 2025 च्या फेब्रुवारीत टाटानं जाहीर केलं की चार्जर चालवणाऱ्यांना सोबत घेऊन 2027 पर्यंत देशात चार लाख चार्जिंग पॉइंट करायचे. माझी विनंती टाटालाच नाही, या धंद्यातल्या सगळ्यांना आहे. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीच्या वाटेवर चार कमी लावा, पण लावलेल्यापाशी एक माणूस ठेवा, ज्याला फ्यूज बघता येतो.

तसंच गॅरेजवाल्या पोरांचं. आमच्याकडं स्टँडमागं जी पोरं डिझेल पंप डोळे झाकून खोलतात, त्यांना या गाडीच्या नारिंगी वायरीला हात लावायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. त्या वायरींत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं. पण त्यांना शिकवणारंही कुणी दिसत नाही. बिडकीन-शेंद्र्यात विजेच्या गाड्यांचे कारखाने यायला निघालेत, टोयोटानं 2024 ला संभाजीनगरसाठी वीस हजार कोटींचा करार केला, एथरही येतेय. कारखान्यात काहींना काम मिळेल. पण गाड्या धावणार केज-धारूर-वडवणीत, तिथल्या आयटीआयमध्ये हे शिक्षण आलं पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. मोटर गुळगुळीत, ओव्हरटेकला इतकी झटकन निघते की नव्या पोरांच्या हातात पहिले महिनाभर इको मोडवरच द्यावी. सस्पेन्शन आमच्या रस्त्यांना पुरून उरतं. आवाज नसल्यानं गावात म्हातारी माणसं आणि जनावरं बाजूला होत नाहीत, हॉर्न आधी द्यावा. गाडीतून बाहेर वीज काढायची सोय आहे, 3.3 केव्हीएपर्यंत. पुतणीच्या मुलाच्या बारशाला आखाड्यावर लाइट गेली, तेव्हा दोन कूलर आणि सगळे बल्ब तीन तास गाडीवर चालले, टक्के गेले आठ. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं होतं, आणि चार सुनांना अंधारात चूल शोधावी लागली नाही. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत फिरणं आणि घरी स्वतःची पिन, एवढं ज्याच्याकडं आहे त्यानं डोळे झाकून घ्यावी.

दिवाळीत गेवराईला मुद्दाम थांबलो. चहावाल्यानं दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर वेगळी पंधरा अँपिअरची पिन काढली आहे, वर पत्र्याचं छप्पर, खाली आर्थिंगचा नवा खड्डा. त्याच्या नातवानं खडूनं पाटी लिहिलीय, "गाडी चार्ज होईल, बसायला जागा आहे." मी जाऊन उभा राहिलो तेव्हा नांदेडच्या नंबरची एक टियागो तिथं आधीच लागलेली होती.